उजव्या पायाला लाल चिंधी

निवृत्त झाले त्या दिवशी हॉस्पिटलातल्या सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "सिस्टर, आता काय करणार?" मी सांगितलं, "मोटारसायकल घेणार." सगळे हसले आणि केक कापायला सुरी शोधू लागले. मी चेष्टा करत नव्हते हे त्यांच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये जन्म काढलेली बाई मी. भल्या भल्या सर्जनना "हात धुतले का नीट?" असं विचारून परत पाठवलेलं आहे. लग्नाआधी सिन्नरला वडिलांची जुनी मोटारसायकल मी चालवायचे. दोन भाऊ होते, पण एक गाडीला घाबरायचा आणि दुसऱ्याला कपडे खराब झालेले चालायचे नाहीत. म्हणून मी. दूध आणण्यापासून आत्याला स्टँडवर सोडण्यापर्यंत सगळं त्या गाडीवर चालायचं. पुढे लग्न झालं, वडिलांनी गाडी विकली. नाशिकला ह्यांनी चारचाकी घेतली, आणि मी डावीकडच्या सीटवर बसून "जरा हळू" म्हणत पंचवीस-तीस वर्षं घालवली. लायसन्स मात्र दर वेळी न चुकता नवं करून घेत राहिले. "कशाला?" असं हे विचारायचे. मी म्हणायचे, "असू द्या."

जुनी गाडी शोधायची म्हटल्यावर डहाणूची माझी मामेबहीण नयना म्हणाली, "शैले, इकडे ये. स्वस्त मिळेल असं नाही, पण जेवायला चांगलं मिळेल." हे मला पटलं. ह्यांचं म्हणणं निराळं होतं. "घ्यायची तर घे," ते म्हणाले, "पण डहाणूहून नाशिकपर्यंत घाटातून चालवत कुठे आणतेस? टेम्पोत टाक. टेम्पोचं भाडं मी देतो." मी म्हटलं, "चालवतच आणीन." बोलून गेले. आमच्या घरात बोललेलं मागे घ्यायची पद्धत नाही, निदान माझ्या बाजूनं तरी नाही.

डहाणू

स्टेशनजवळ जुन्या गाड्यांचं एक दुकान आहे, तिथे पहिल्याच सकाळी गेले. मालक गुजराती, वयानं माझ्याएवढा, बोलायला गोड. "आवो बेन. भाईंसाठी पाहिजे की छोकऱ्यासाठी?"

"माझ्यासाठी."

"मग स्कूटी ह्या लायनीत आहे."

"मोटारसायकल पाहिजे. गिअरची."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नयनाकडे. नयना छताकडे बघत होती. मग त्यानं एकेक गाडी दाखवायला घेतली. पहिली गाडी म्हणे एका डॉक्टरची, फक्त रविवारी वापरलेली. दुसरीही डॉक्टरचीच. तिसरी गाडी पण डॉक्टरचीच निघाली तेव्हा मी म्हटलं, "शेठ, डॉक्टर रविवारी काय करतात ते मला चांगलं माहीत आहे. ते झोपतात." तो मनापासून हसला, चहा मागवला. इंजिनाखाली रुमाल फिरवून मी त्याला तेलाचा डाग दाखवला. वर नवा रंग फासून खालची गळती लपत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. चहा मात्र आलं घातलेला, फक्कड होता. दोन घोट जास्तच प्याले आणि निघाले.

नाशिकला दुकानदार आपण काही न घेता निघालो की तोंड पाडतो. हा माणूस दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "बेन, गाडी नाही मिळाली तर परत या. मिळाली तरी दाखवायला या."

सरावली

नयनाची चिकूची वाडी सरावलीला. दुपारी वाडीत शिरलं की बाहेरचं ऊन दारातच थांबतं. झाडं इतकी दाट की खाली गवतही जपून उगवतं. टोकाला जाळी लावलेल्या लांब काठ्या घेऊन बायामाणसं चिकू उतरवत होती, खाली बसलेल्या बायका मोठे, मधले, बारके असे निवडत होत्या. मला वाटायचं चिकू म्हणजे फ्रूट सॅलडमधला एक गरीब घटक. नयनानं झाडाखाली पिकायला ठेवलेला एक दिला, तो खाल्ला आणि इतक्या वर्षांच्या फ्रूट सॅलडबद्दल मला वाईट वाटलं. जेवायला ओल्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि वर कैरीचं पन्हं. नयनानं शब्द पाळला होता.

जेवून हात धुतेय तोच फाटकातून एक मोटारसायकल आत आली, तिच्यावर देवजी. देवजी उधव्याचा, वाडीच्या कामावर गडी-बाया आणणारा. घरी थोडी भातशेती आहे. पन्नाशीचा, किडकिडीत, अंगावर इस्त्रीचा शर्ट. मला आधी दिसली ती गाडी. काळी, दहाएक वर्षांची. टाकीवर पोचे होते, पण चेनला तेल, टायरला हवा आणि इंजिनाचा आवाज असा की मध्ये एकही ठोका चुकत नाही. मी सरळ विचारलं, "ही विकायची आहे का?"

"इकायची हाय," देवजी म्हणाला. "मी टेम्पो घेतला. चिकूचे क्रेट भरायला. पन आत्ता नाय. आधी माह्या पुतन्याचं लगीन. मंग घे तू."

हा "तू" माझ्या कानाला आधी टोचला. आमच्या नाशकात भाजीवाली पण "ताई, घ्या ना" म्हणते. नयना नंतर म्हणाली, "त्यांच्यात अहो-जाहो नसतंच. ते देवाला तू म्हणतात, तहसीलदारालाही तूच म्हणतात. तुला काय पालखी पाहिजे?" दोन दिवसांत त्या "तू"ची मला इतकी सवय झाली की परत आल्यावर "मॅडम" ऐकलं की मागे वळून बघावंसं वाटतं.

लग्नापर्यंत गाडी का नाही, तेही देवजीनं सांगितलं. ह्याच गाडीवरून धवळेरी आणायची होती. त्यांच्यात लग्न भटजी लावत नाही, धवळेरी लावते. ती बाई. तिला सगळी लग्नाची गाणी पाठ. तिच्याशिवाय नवरा-नवरी मांडवात उभी राहू शकत नाहीत. पाड्यातल्या प्रत्येक लग्नाला देवजी तिला ह्याच गाडीवरून आणत आला होता, आणि ह्याही लग्नाचा शब्द देऊन बसला होता.

"बरं, लग्नानंतर," मी म्हटलं. "पण एक फेरी मारून बघू दे."

त्यानं चावी दिली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. वडिलांची गाडी जुन्या बनावटीची होती. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आताच्या सगळ्या गाड्यांना उलट, गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे. हे मला माहीत होतं. म्हणजे डोक्याला माहीत होतं. पायाला कुणी कळवलं नव्हतं.

किक मारली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. क्लच सोडला, निघाले. वाडीच्या रस्त्यावर झाडांच्या सावलीतून जाताना वारा अंगाला लागला आणि मी चक्क मोठ्यानं हसले. विसाव्या वर्षीची शैला कुठेही गेली नव्हती, मागेच बसली होती. वळणावर एक कोंबडी आडवी आली. मी ब्रेक दाबला. डाव्या पायानं. ब्रेक लागला नाही, गिअर बदलला, आणि मी निवडलेल्या चिकूंच्या क्रेटच्या रांगेत जाऊन थांबले.

कोंबडी सुखरूप होती. मीही. चिकू मात्र वाडीभर झाले. बायकांतल्या एकीनं पदर तोंडाला लावला आणि मग सगळ्याच हसल्या. मीही उठून चिकू वेचायला लागले. देवजी हसला नाही. त्यानं गाडी उचलली, फुटलेल्या इंडिकेटरवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाय, तुला गाडी नाय देनार."

"इंडिकेटर मी भरून देते."

"इंडिकेटरचं नाय. तू घाटात पडशील. मंग लोक मना बोलतील, देवजीनं म्हातारीला गाडी इकून मारली."

म्हातारी हा शब्द मी गिळला. बाकीचं गिळता येईना. कारण तो बरोबर बोलत होता. ती रात्र मला वाईट गेली. ह्यांचा फोन आला तर "बघतेय गाड्या" एवढंच सांगितलं. दुसरी गाडी मिळाली असती, त्या गोड शेठकडेही मिळाली असती. पण मला हीच हवी होती, आणि देवजीनं "नाही" म्हटलेलं असताना दुसरी घेऊन गेले असते तर प्रत्येक वळणावर तो मला दिसला असता.

कोसबाड

रडत बसणं मला जमत नाही. त्यानं नाक लाल होतं आणि काम तसंच राहतं. सकाळी उठले, नयनाच्या जुन्या लाल परकराची एक लांब चिंधी फाडली आणि उजव्या घोट्याला बांधली. लाल म्हणजे थांबा. भाऊजींची, म्हणजे नयनाच्या नवऱ्याची, घरची मोटारसायकल काढली आणि कोसबाडच्या टेकडीकडे निघाले.

नवी मुलगी थिएटरला आली की तिला मी हत्यारं ओळखायला डोळ्यांनी नाही, हातांनी शिकवायचे. डोळे बांधून ट्रेमधून मागेन ती वस्तू द्यायची. चुकली की परत. हात शहाणा झाला की डोकं घाबरलं तरी चालतं. तसंच मी पायाला शिकवायचं ठरवलं. थोडं जायचं, मोठ्यानं "उजवा" म्हणायचं आणि ब्रेक दाबायचा. परत थोडं जायचं, परत "उजवा". पहिल्या सकाळी डावा पाय बऱ्याच वेळा मध्ये मध्ये लुडबुडला. मी त्याला शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही.

कोसबाडचा रस्ता अशा कामाला फार चांगला. चढ अंगावर येत नाही, वाहनं कमी. शेतकीच्या शाळेची मुलं वह्या घेऊन शेताकडे चालली होती. ती माझ्या "उजवा"ला आधी दचकली, मग परतीच्या फेरीला मी दिसताच तीच एका सुरात "उजवा" ओरडली. माथ्यावर गाडी लावली की खाली चिकूच्या वाड्यांचा गडद हिरवा पट्टा, त्याच्यापुढे विजेच्या कारखान्याची उंच चिमणी आणि मग समुद्र. नाशिकच्या माणसाला टेकडी म्हटली की वर देऊळ आणि खाली द्राक्षं. टेकडीवरून समुद्र दिसतो ही श्रीमंती आम्हाला नाही.

तिथे एक बाई पळसाच्या पानावर ताडगोळे विकत बसली होती. तिनं माझ्या घोट्याकडे पाहून विचारलं, "पायाला लागलं?"

"नाही. पायाला सांगून ठेवलंय."

तिला काय कळलं कोण जाणे, पण तिनं मान हलवली आणि एक ताडगोळा जास्त दिला. तो तोंडात फुटला तेव्हा सगळ्या शिव्यांचं सार्थक झालं. पुढच्या दोन्ही सकाळी मी तिथे गेले. तिसऱ्या दिवशी डावा पाय गप्प बसायला शिकला होता. निदान सपाटीवर तरी.

तलासरी

लग्नाच्या आदल्या दिवशी नयना मला तलासरीच्या बाजारात घेऊन गेली. अर्धा बाजार मराठीत, अर्धा गुजरातीत, आणि भाव करायची वेळ आली की सगळे हिंदीत. कपड्यांच्या दुकानात देवजीची बायको सोनी भेटली. ठेंगणी, ठसठशीत, एका हातात हळदकुंकवाची पुडी आणि दुसऱ्यात सुक्या माशांची. मी कोण ते नयनानं सांगितलं.

"चिकूवाली ना तू," सोनी म्हणाली. गोष्ट माझ्याआधी उधव्याला पोचली होती. "लग्नाला ये. देवजी गाडी देव नायतर नको देव, जेवायला ये."

आमच्याकडे पत्रिका छापतात, वर "आहेर आणू नये" लिहितात आणि आहेराकडे डोळे लावून बसतात. इथे भर रस्त्यात दोन वाक्यांत आमंत्रण झालं. मी नवरीसाठी हिरवं लुगडं घेतलं. काठ सोनीनंच निवडला.

दुकानाबाहेर सरबत घेताना तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी एका लग्नाला देवजी थोडी ताडी घेऊन धवळेरीला आणायला गेला आणि तिच्यासकट भाताच्या खाचरात आडवा झाला. लागलं कुणालाच नाही, पण धवळेरी चिखलानं माखून मांडवात आली. त्या दिवसापासून तिनं बजावलंय, ताडी प्यालेल्या माणसाच्या मागे बसणार नाही, मग लग्न राहिलं तरी चालेल. तिचं नाव रमीबाय.

"म्हनून त्यानं मनात धरलंय," सोनी म्हणाली. "गाडी पडली का मानूस पडतं. तो तुझ्यावर नाय चिडला."

हे ऐकल्यावर माझा देवजीवरचा राग उतरला. तोवर राग होता, हे कबूल करते.

उधवा

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जीपनं उधव्याला उतरून पाड्यावर पोचलो. बांबूचा मांडव, वर आंब्याजांभळाच्या डहाळ्या. घराच्या आतल्या भिंतीवर बायकांनी तांदळाच्या पिठानं चौक लिहिला होता, त्यात मधोमध देवी, भोवती झाडं, घोडा, नाचणारी माणसं. नयना म्हणाली, हॉटेलच्या भिंतीवर दिसतात ती चित्रं ह्याचीच नक्कल. मला हे मूळ पाहून हॉटेलांची कीव आली. नवरा हळद लावून बसला होता, नवरीकडची मंडळी येऊन झाली होती. सगळी तयारी होती आणि काहीच होत नव्हतं. कारण धवळेरी आली नव्हती.

झालं होतं असं. देवजी घरातला मोठा. सकाळी देवाला ताडी वाहायची, ती वाहिल्यावर पहिला घोट घरातल्या मोठ्या माणसानं घ्यायचा. ही रीत. मग नवरीकडचे आले, त्यांच्याबरोबर घोट न घेतला तर त्यांचा अपमान. हीही रीत. दुपारपर्यंत देवजी दोन्ही रीती पाळून मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. त्याचे डोळे भरून आले होते. पाड्यात मोटारसायकली सात-आठ उभ्या होत्या, पण चालवणारा कोरडा माणूस एकही नव्हता. भाड्याची जीप पाठवा, असं नयना म्हणाली तेव्हा जीप केव्हाच निघून गेली होती.

"फोन करून सांगा ना तिला, कुणाबरोबर तरी ये म्हणून," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलेय. "धवळेरीला फोन नाय करीत," सोनी म्हणाली. "घरचं मानूस जातं. तांदूळ देतं, कुंकू लावतं, संगं घेऊन येतं. लगीन लागलं का तेच मानूस घरी पोचवतं."

मग ती थांबली. माझ्या घोट्यावरच्या चिंधीकडे बघितलं; ती मी लग्नालाही सोडली नव्हती. "तू ताडी घेतली?"

"नाही."

"गाडी चालवशील?"

देवजीनं मान वर केली. "सोने, ती पडंल."

"तू पडला होतास," सोनी म्हणाली. "ती नुसती चिकवांत पडली."

मांडवात हशा झाला, देवजी हसला नाही. तो उठला, डोलत गाडीपाशी गेला आणि चावी माझ्या हातात ठेवली. पण सोडली नाही. "बाय," तो म्हणाला, "गाडी मोडली तरी चालंल. रमीबायला पाडू नको. पाड्याचं लगीन हाय." मग त्यानं चावी सोडली. तीस वर्षांत कुठल्या सर्जननं माझ्या हातात इतकं जड काही ठेवलेलं मला आठवत नाही.

"पण मी घरची कुठे?" मी सोनीला विचारलं.

"लुगडं आनलंस. मांडवात बसलीस. आता काय वेगळं करायचं?" तिनं पानात तांदूळ आणि कुंकू बांधून दिलं.

रस्ता टेकडीला वळसा घालून जात होता. आधी डांबर, मग खडी, मग नुसती माती. करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी. मध्ये एका कोरड्या ओढ्यात गोटे. मी पहिल्या गिअरवर, दोन्ही पाय सावध ठेवून उतरले आणि चढले. भीती वाटत होती का? वाटत होती. पण थिएटरमध्येही वाटायची, आणि तिथेही हात आपलं काम करत राहायचे.

रमीबाय अंगणात खाटेवर बसून होती, सकाळपासून तयार. साठी उलटलेली, उंच, नाकात मोठी नथनी, केसांत मोगरा. मला पाहून तिच्या भुवया वर गेल्या. "देवजी कुठं?"

"ताडी प्यालाय."

"मंग मी नाय येत."

"मी नाही प्यालेली. गाडी मीच चालवते."

"तू कोन?"

इथे मला नाशिक, हॉस्पिटल, नयना, सगळं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "घरची." आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात तांदूळ दिले. तिनं ते कमरेला खोचले. म्हणजे ठरलं.

मग हेल्मेटवरून झगडा. बरोबर दोन होती; गाडी मिळालीच तर म्हणून नयनानं ती जीपमध्ये घेतली होती. रमीबाय म्हणाली, "देवाच्या कामाला जाते, डोक्यावर टोपलं कशाला?" मी म्हटलं, "टोपलंच समज. टोपलं नाही तर गाडी नाही." माझा तो आवाज मोठमोठ्या डॉक्टरांनी मानलेला आहे. तिनं मोगरा काढून हातात घेतला आणि हेल्मेट घातलं. बसताना तिला चिंधी दिसली. कशासाठी ते मी खरं खरं सांगून टाकलं. बाकी कुणापुढे लपवलं असतं, पण जी मागे बसणार तिच्यापासून लपवायचं नाही.

"असं व्हय," ती म्हणाली. "मी सांगन तुला." आणि माझ्या उजव्या मांडीवर तिनं एक सणसणीत थाप मारून दाखवली.

वाटेत तिनं गाणं धरलं. गळा गरम करत होती म्हणे. शब्द सगळे कळत नव्हते, पण मध्येच गाणं तोडून ती थाप द्यायची, खड्डा आला की, उतार आला की, आणि परत त्याच ओळीवरून पुढे जायची. ओढा ओलांडून वर आले आणि वळणावर शेळ्यांचा कळप. एकदम, रस्ताभर, माझ्यापासून चार हातांवर. थाप बसली. पण मी शपथेवर सांगते, पाय त्याआधी गेला होता. उजवा. गाडी थोडी घसरली, मागचं चाक मातीत फिरलं आणि आम्ही उभ्या राहिलो. एक बोकड पुढच्या चाकाला नाक लावून बघत होता. मागून रमीबाय गाणं पुरं करत होती.

आम्ही मांडवापुढे आलो तेव्हा डोक्यावर हेल्मेट घातलेली धवळेरी बघून पोरंबाळं किंचाळत हसली. रमीबायनं ते उतरवलं, मोगरा माळला आणि आत गेली. मग तिचा आवाज उठला, आणि सकाळपासून अडलेलं लग्न चालू झालं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. सोनीनं नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण पुढ्यात ठेवलं. इतकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवजी वाडीवर आला, डोळे निवळलेले आणि शर्टाला परत इस्त्री केलेली. नयनाच्या ओळखीच्या एजंटाकडे कागद करायला जाऊ, म्हणाला. सह्या झाल्यावर गाडीच्या टाकीवरून त्यानं एकदा हात फिरवला. "इंडिकेटर बसवला मी नवा," एवढंच म्हणाला.

त्याआधी रमीबायला पोचवलं मीच. आणलं त्यानं पोचवायचं. उतरताना ती म्हणाली, "गाडी तू घेनार म्हनं. पुढल्या लग्नाला मला कोन नेनार?"

"देवजीनं टेम्पो घेतलाय ना."

"टेम्पोत बसायला मी काय चिकू हाय?"

मी म्हटलं, "बोलाव. येईन." तिनं लगेच थाप मारली. ह्या वेळी ती खांद्यावर बसली.

नाशिक

सरावलीहून कासा, कासाहून जव्हार, मोखाडा, त्र्यंबक. सकाळी लवकर निघाले. डहाणूची हवा मागे राहिली तसा घामही वाळला. जव्हारच्या चढाला गाडी शांतपणे लागली, मी तिला घाई केली नाही, तिनं मला केली नाही. एका टपरीवर करवंदं घेतली आणि ओंजळीतून खात उभी राहिले. दोन कॉलेजची पोरं आली. "आंटी, एकट्या?" मी म्हटलं, "नाही, गाडी आहे ना." त्यांनी आदरानं गाडीचा फोटो काढला, माझा नाही.

मोखाड्याच्या पुढे उतारावर, वळण संपता संपता, रस्त्याच्या मधोमध वासरू. उभं, माझ्याकडे बघत. मला मांडीवरच्या थापेची वाट पाहायलाही वेळ मिळाला नाही. गाडी थांबली होती. वासरानं कान हलवले आणि आईकडे निघून गेलं. मी खाली पाहिलं. घोट्याला चिंधी नव्हती. जव्हारला सुटली की त्याआधीच, देव जाणे. इतका वेळ पाय आपला आपण चालला होता. मी मागे वळून शोधायला गेले नाही. तिथेच, घाटात, गाडीवर बसल्या बसल्या थोडी रडले. नाक लाल झालं असणार, पण बघायला वासराखेरीज कुणी नव्हतं.

दुपार कलताना घरी पोचले. हे फाटकात उभे होते. माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मग माझ्या पलीकडे रस्त्यावर.

"टेम्पो कुठंय?"

मी दुसरं हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं. "बसा मागे."

ते बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या मागे होते आणि रस्ता माझ्या पुढे. चौकात कुत्रं आडवं आलं. ह्यांनी माझा दंड घट्ट धरला, पण तोवर गाडी थांबली होती. कुत्रं गेलं. थोड्या वेळानं मागून, अगदी हळू आवाज आला, "जरा हळू."